खेळाच्या सरांनी आणलेलं लुगडं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कांड्या. आम्ही कोष्टी, हातमागावर लुगडी विणणारे. मी खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलो होतो आणि ती बाजूला रहाट फिरवत सुताच्या कांड्या भरत होती. कांडी भरली की ती माझ्याकडं फेकायची. मी न पाहता झेलायचो आणि सूत आडवं पळवणाऱ्या धोट्यात घालायचो. सारा जन्म आमचा असाच गेला. एकमेकांच्या तोंडाकडं पाहून आम्ही फार कमी बोललो असू.

दिवाळी तोंडावर होती. संध्याकाळचा उजेड अजून खिडकीत होता.

"यंदा भाऊबीजेले अनारसे करीन म्हन्लं," ती म्हणाली. "त्याले आवडते."

"कोनाले?"

"तुमाले माईत आहे कोनाले."

"येईन तो. अनारसे खाईन, अन् जाताना गावातला एक पोट्टा उचलून घेऊन जाईन."

"जाऊ द्या ना. पोट्टे काय तुमच्या बापाचे हायेत?"

मी धोटा जोरात मारला. ती हसली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुमी एवढी लुगडी विनता जी, पन माह्यं शेवटचं लुगडं तुमच्या मागावरचं नाई चालत. ध्यानात आहे ना? ते माहेराचं लागते."

"तुह्या माहेरात आहे कोन?"

"सर आहे ना."

"त्या मॅच विकनाऱ्याच्या हातचं लुगडं?"

"भाऊ कसाई असला तरी लुगडं भावाचंच," ती म्हणाली, आणि कांडी माझ्या छातीवर फेकून मारली.

आमच्यात रीत अशी की नवऱ्याच्या आधी बायको गेली, तर तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवायचं. भावानं आणायचं. नवऱ्याचं चालत नाही, मग तो नवरा स्वतः कोष्टी का असेना. तिचा एकुलता भाऊ लहानपणीच पटकीच्या साथीत गेला होता. आईबाप तर कधीचेच गेलेले.

सकाळी उठलो तर चूल थंड होती. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. तिच्या पायाला हात लावला आणि समजलं.

आता सर कोण ते सांगतो.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणायचे. आमच्या मोहल्ल्याच्या मागं परकोट आहे, गोंडराजांच्या वेळची गावाभोवतालची भिंत. भिंतीच्या आत पडीक जागा होती. गावात कॉलेज नवंच निघालं होतं, आणि कॉलेजच्या खेळाच्या सरांनी ती जागा मागून घेतली. सर वऱ्हाडातले. लग्न झालेलं नाही, मागंपुढं कोणी नाही. आमच्याच गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहिले. पोरांना हाताशी धरून त्यांनी मुरूम आणला, स्वतः दुरमुस मारून जमीन सारखी केली, सागाचे दोन खांब रोवले. खांबांवर फळ्या ठोकल्या. आणि बुरडाकडून बांबूच्या दोन टोपल्या विणून घेऊन त्या फळ्यांना बांधल्या. बुड नसलेल्या टोपल्या. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, मास्तर कोंबड्या पाळणार वाटते, पण एवढ्या उंच कायले बांधल्या?

त्या खेळाचं नाव बास्केटबॉल. आम्ही टोपलीचा खेळ म्हणायचो. लोखंडी कडं फार मागून आलं.

पहिल्यांदा आम्ही हसायला गेलो. परकोटावर चढून बसायचं आणि हसायचं. मग कधी हसू बंद झालं आणि कधी जीव अडकला, कळलं नाही. संध्याकाळ झाली की सारा मोहल्ला माग थांबवून भिंतीवर. सर शिट्टी फुंकत पोरांना पळवायचे. चुकलं की गळ्यातली शिट्टी काढून तिच्या दोरीनं पाठीवर फटका. उशिरा आला की घरी परत. कोणाचा मुलगा आहेस, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला ते तेव्हाच खटकलं होतं. जो माणूस कोणाचीच ओळख ठेवत नाही, तो कोणाचा असतो?

मी संशयी माणूस आहे. व्यापाऱ्यानं लुगडं मोजलं तरी मी माझ्या हातानं पुन्हा मोजतो. माझी बायको उलटी. तिनं सरांना भाऊबीजेच्या दिवशी खोलीच्या पायरीवर एकटं बसून कोरडे पोहे खाताना पाहिलं आणि घरी बोलावून आणलं. मला विचारलं नाही. पाट मांडला, निरांजन लावलं, ओवाळलं. सरांच्या खिशात काही नव्हतं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून ताटात ओवाळणी म्हणून ठेवली. दुसऱ्या दिवशी पोरं बिनशिट्टीची पळेनात, तेव्हा हिनंच ती नेऊन परत दिली.

गल्लीत कुजबुज झाली. एकटा माणूस, परका, कॉलेजात शिकलेला. त्याला घरात घेतला म्हणून. मला कुजबुजीचं काही वाटलं नाही. बायकोवर मला कधी संशय आला नाही, एवढं एक सोडून बाकी साऱ्यांवर आला. माझा संशय सरांवर होता तो वेगळा. हा माणूस इथं थांबणार नाही, असं मला वाटायचं. याची नजर नेहमी स्टेशनाकडं.

मग ती मॅच झाली. नागपूरचं एक मोठं कॉलेज आमच्या मैदानावर खेळायला आलं. त्यांच्या पायात कॅनव्हासचे जोडे, आमची अर्धी पोरं अनवाणी. पण आमच्यात एक उंच पोरगा होता, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा. बोलायचा कमी. उडी मारली की वाटायचं, हा खाली येतो की नाही. गल्लीत सगळे त्याला उंच्या म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. त्या दिवशी त्यानं नागपूरवाल्यांना नाचवलं. परकोटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही पुढं होतो. खेळ संपायला आला होता. आणि सरांनी हात वर करून उंच्याला बाहेर बोलावलं.

तो आला. खाली मान घालून बसला. त्याच्या जागी एक नवखा गेला. आम्ही एका टोपलीनं हरलो.

"विकला रे, विकला!" ही पहिली आरोळी माझी. मी भिंतीवर उभा राहून ओरडलो, आणि मग साऱ्या भिंतीनं ती उचलली. अजूनही मी ती परत घेतलेली नाही. ज्याच्या जोरावर आपण जिंकतोय त्याला कोणी शेवटी बसवतं का? लुगडं काढायला आलं असताना कोणी ताणा कापतो का?

सर काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. चेंडू उचलला, काखेत धरला, खोलीवर गेले. मला हे सगळ्यात जास्त खटकलं. खरा माणूस असता तर भांडला असता.

मी जेवलो नाही. हिनं मात्र रोजच्यासारखं ताट वाढलं, झाकलं आणि पदराखाली घेऊन निघाली.

"कुठी चालली?"

"मॅच तुमची हरली. माहा भाऊ काऊन उपाशी राहीन?"

पुढच्या उन्हाळ्यात सर नागपूरला गेले. कुठं? त्याच कॉलेजात. ज्यांनी आम्हाला हरवलं, त्याच कॉलेजात खेळाचे सर. मग मी गल्लीत म्हणालो, आता सांगा.  बोलायला उरलंच काय होतं?

पण ते भाऊबीजेला यायचे. दर वर्षी. दिवस मावळायला पॅसेंजरनं यायचे, ओवाळून घ्यायचे, राहायचे, सकाळी जायचे. एकदाच चुकले, तेव्हा पाय मोडला होता म्हणे. येऊन मैदानावर एक चक्कर मारायचे. आणि पुढच्या उन्हाळ्यात आमचा एखादा चांगला पोरगा नागपूरला गेलेला असायचा. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. मी हिला म्हणायचो, तुझी भाऊबीज म्हणजे त्याचा बैलबाजार आहे, येऊन दात पाहून जातो. ती म्हणायची, गेलेल्या पोट्ट्याईच्या मायेले विचारून पाहा. मी विचारलं नाही. आया काय, मुलगा साहेब झाला की साऱ्या खूश.

उंच्याला मात्र मी विचारलं. तो वनखात्यात गार्ड झाला होता. चिमूरच्या बाजारात भेटला. म्हटलं, "काऊन रे, त्या दिवशी तुले काऊन बसवलं?" तो हसला. म्हणाला, "काका, पाय दुखत होता माहा." आणि पुढं दुसऱ्या कोणालातरी त्यानं सांगितलं की सरांनी ये म्हटलं म्हणून आलो, पायाला काय झालं होतं? एका तोंडाची दोन उत्तरं. तेव्हा माझा संशय उंच्यावरही बसला.

तर असा हा तिचा भाऊ. आणि आता ती घरात निजलेली होती, आणि लुगडं त्यानं आणायचं होतं.

तार करायला टांगेवाला गेला. तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचा. त्याचा मुलगा सरांच्या हाताखाली खेळलेला. तार करून आला आणि घोडा सोडून अंगणात येऊन बसला. म्हणाला, "दुपारच्या पॅसेंजरनं निघाला तर दिवस बुडाच्या आधी येते."

समोरचा शिंपी आधीच येऊन बसला होता. तो म्हणाला, "तो काही येत नाई. लिहून घ्या."

"येईन."

"कायले येईन? न्याले आता पोट्टे उरले कुठी?"

"तुह्या भाच्याले घेतलं नाई म्हनून तुह्या पोटात दुखते."

"माहा भाचा त्या उंच्यापेक्षा चांगला खेळे!"

"तुहा भाचा? टोपलीत टाक म्हन्लं तर शेजारच्या विहिरीत टाके. दोनदा बाल्टी सोडून चेंडू काढला मीनं."

चार माणसं हसली. मैतीच्या अंगणात हसली. मला राग आला नाही. ती असती तर तीच सगळ्यात मोठ्यानं हसली असती, तो भाचा तिला कधी आवडला नव्हता.

आत बायका होत्या. गल्लीत एक म्हातारी होती, कोणाच्याही घरी जन्म असो की मरण, तिच्याशिवाय पान हलायचं नाही. तिनं हिला आंघोळ घातली, हळद-कुंकू लावलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "बाप्पा, सारं झालं. लुगडं तेवढं राह्यलं."

"तार केली आहे."

"केली ते ऐकलं. पन दिवस बुडाच्या आधी उचलाव लागते. तिले रातभर ठेवता नाई येत."

शिंपी हळूच माझ्याजवळ सरकला. "भाऊ, माही बायको तिच्याच माहेरची आहे, एकाच गावच्या दोघी. गावची म्हनून तिच्या हातचं चालते. लुगडं काढून ठेवलं आहे तिनं. तू हो म्हन."

मी म्हातारीकडं पाहिलं.

"चालते," ती म्हणाली. "पन भाऊ जिता असताना मी नाई चालू देनार."

"भाऊ कुठला?" शिंपी म्हणाला. "मानलेला. अन् कसा तो, हे यालेच विचार. विकला म्हनून पहिल्यांदा कोन ओरडलं?"

सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी बिडी पेटवली. 

टांगेवाला बोलला. जमिनीकडं पाहत बोलला. "माह्या पोट्ट्याले या गावात लोक वरून ओंजळीत पानी टाके. सरानं मैदानावर एकच माठ ठेवला. ज्या लोट्यानं बामनाचा पोट्टा पेला, तो लोटा सरानं माह्या पोट्ट्याच्या हाती देल्ला. म्हने, पिऊन घे, मंग पळ."

"म्हनून तर लोकाईनं आपले पोट्टे काढून घेतले," शिंपी म्हणाला.

"काढू दे. माहा तर राह्यला ना!" मग म्हणाला, "पन खरं सांगतो, त्या दिवशी उंच्याले काऊन बसवलं, हे मलेबी नाई समजलं. मी त्या दिवशी घोड्यापाशी बसून रडलो. सरावर मी जीव टाके, अन् मलेच वाटे का यानं आपल्याले विकलं. हे मी घोड्याले सांगतलं. मानसाले नाई सांगू शकलो."

मग ज्याला जे आठवलं ते तो बोलू लागला. कोणी म्हणालं, सरांनी तापात पडलेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. कोणी म्हणालं, त्यांनी दोरीनं मारलेला वळ माझ्या मुलाच्या पाठीवर अजून आहे. ज्यानं वळाचं सांगितलं त्याचाच मुलगा नागपूरला जाऊन रेल्वेत लागला होता, तेही दुसऱ्यानं लगेच आठवण करून दिली. एक जण म्हणाला, आपल्या गावाचं नाव कोणी ऐकलं होतं त्याच्याआधी? शिंपी म्हणाला, ऐकलं, अन् मग त्यानंच बुडवलं.

मी ऐकत होतो आणि परकोटाकडं पाहत होतो. ऊन भिंतीच्या पायथ्यापासून वर सरकत होतं. मला एकच कळत होतं. तिनं आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं, पण सांगितलं होतं. आता शिंप्याच्या बायकोचं लुगडं घेतलं तर तिचा शब्द मोडतो. आणि सरांचं घेतलं तर ज्याला मी साऱ्या गावासमोर विकलेला म्हणालो, त्याच्या हातचं कापड माझ्या बायकोच्या अंगावर घालून मी तिला लाकडांवर ठेवायचं. आणि तो आलाच नाही तर? तर शिंपी खरा, मी खरा, आणि ती एकटीच खोटी ठरणार. मला ते सगळ्यात जास्त नको होतं. मला खरं ठरायचं नव्हतं त्या दिवशी.

ऊन भिंतीच्या वरच्या दगडांवर गेलं. शिंप्याची बायको घडी केलेलं लुगडं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. म्हातारी माझ्याकडं पाहत होती.

"भिंतीवरचं ऊन जाईपर्यंत," मी म्हणालो. "मंग घे तिचं."

ऊन जाता जाता गल्लीच्या टोकाला कुत्री भुंकली. सर पळत येत होते. अंगात अर्धी चड्डी, पायात मुरमानं माखलेले जोडे, गळ्यात शिट्टी. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. स्टेशनापासून पळत आले होते. अंगणात येऊन उभे राहिले आणि श्वास लागल्यामुळं बोलता येईना.

"मैतीले चड्डीवर आला," शिंपी माझ्या कानात म्हणाला.

"भाऊजी," सर म्हणाले, "तार मैदानावरच भेटली. मॅच चालू होती. तशीच सोडून आलो."

"ह्या येळी कोनाले जितवून आला कोन जाने," शिंपी पुन्हा कानात. आणि खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं. मॅच सोडून आला म्हणे. कोण पाहायला गेलं होतं?

सरांनी पुडकं म्हातारीच्या हातात दिलं. तिनं वर्तमानपत्र काढलं, लुगडं उघडलं आणि तिचे हात थांबले.

गिरणीचं होतं.

बाहेरच्या वाचणाऱ्याला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्या गल्लीत तेव्हा कोणी गिरणीचं कापड अंगाला लावत नव्हतं. गिरणीनं आमचे माग बंद पाडले, अर्धे कोष्टी बिडीच्या कारखान्यात गेले, उरलेल्यांनी पंचायतीत पाणी हातात घेऊन ठरवलं होतं की मेलो तरी गिरणीचं नाही. मेलो तरी. आणि हे गुळगुळीत, पातळ, एकसारखं कापड, पदराच्या टोकाला गिरणीचा जांभळा छाप. माझ्या मागावर त्याच वेळी एक लुगडं काढायला आलेलं होतं. तिनंच भरलेल्या कांड्यांचं.

 शिंप्याच्या बायकोनं आपलं लुगडं थोडं पुढं केलं. ते हातमागाचं होतं, आमच्याच गल्लीतलं.

सरांना समजलं की काहीतरी झालं आहे, काय ते समजलं नाही. "स्टेशनापाशी हेच भेटलं," ते म्हणाले. "गाडी सुटत होती. भाऊजी, काही चुकलं का माह्यं?"

एवढी वर्षं आमच्या गल्लीत राहून गेलेला माणूस. दोन्ही बाजूंनी मागांची खटखट ऐकत झोपणारा. आणि कोष्ट्याच्या घरी गिरणीचं लुगडं घेऊन येतो. त्याला टोपलीशिवाय दुसरं काही कधी दिसलंच नाही का? का हिशेबानं वागणारा माणूस असं करतच नाही? दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकदम आल्या. जो मॅच विकायला बसतो, तो लुगडं तरी पाहून आणतो.

म्हातारीनं मला विचारलं, "काय करू बाप्पा? गल्लीची शपथ आहे."

मी उठलो. कापड बोटांत धरून पाहिलं. सवय. खळ जास्त होती, दोन धुण्यांत फाटलं असतं. पण हिला ते धुवायचं नव्हतं.

"शपथ जित्या मानसानं घेतली," मी म्हणालो. "नेसव."

"अन् हा छाप?"

"छाप आत दाब. बाकी नेसव."

शिंपी उठून उभा राहिला. "पंचायतीले काय सांगशील?"

"तू सांग ना. तुले तोंड आहे."

तिला ते लुगडं नेसवलं. सरांनी पहिला खांदा दिला. झरपट नदीवर नेलं, अंधार पडायच्या आत अग्नी दिला. मी रडलो नाही, सर रडले. मी त्यांच्या रडण्याकडंही पाहत होतो, की खरं आहे की नाही. खरं वाटलं. पण मला खेळाच्या वेळीही त्यांचं सगळं खरंच वाटायचं.

घरी परत आल्यावर शेजारच्यांनी कडू घास आणला. भावानं आणि नवऱ्यानं एका ठिकाणी बसून खायचा असतो. आम्ही खाल्ला. वाटलं, आता विचारावं. दोघंच आहोत. उंच्याला काऊन बसवलं? एवढंच. तोंडापर्यंत आलं. पण समजा, ते म्हणाले असते, हो, मी विकली. मग? लुगडं जळून गेलं होतं. ते परत कसं काढायचं होतं तिच्या अंगावरून? आणि समजा म्हणाले असते, नाही विकली, तर माझा विश्वास बसला असता का? बसला नसता. मी मला ओळखतो. मग विचारून काय करायचं? मी पाण्याचा लोटा त्यांच्याकडं सरकवला आणि अंथरूण घालून दिलं. "झोपा," म्हणालो. ते ओसरीलगतच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपले.

सकाळी गल्ली जागी व्हायच्या आधी मी उठलो. सर झोपलेले होते. एवढे उंच, पाय उंबऱ्याच्या बाहेर आलेले. मी चूल पेटवून पाहिली, जमली नाही, धूरच झाला. तेवढ्यात अंगणात माणसं आली. शिंपी पुढं, मागं टांगेवाला, आणखी दोघं-तिघं परकोटावर बसणारे. सगळ्यांच्या तोंडावर एकच.

"विचारलं काय?" शिंपी म्हणाला.

"काय?"

"काय म्हने! रातभर घरात होता तो. तूच तर म्हने एकटा सापडला का धरतो म्हनून. काय म्हन्ला? विकली का नाई विकली?"

 टांगेवालाही थांबला होता ऐकायला. त्याला माझ्या तोंडून 'नाही विकली' हवं होतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. शिंप्याला दुसरं हवं होतं. द्यायला माझ्याजवळ दोन्ही नव्हतं.

"झोपला आहे," मी म्हणालो.

"मंग उठव. आमी विचारतो."

मी उंबऱ्यावर बसलो. दार मागं ओढून घेतलं, त्यांचे पाय लागत होते तेवढी फट ठेवली.

"माहा साळा आहे तो," मी म्हणालो. "काल त्यानं माह्या बायकोले लुगडं नेसवलं. आमच्या घरातल्या मानसाले काय विचाराचं अन् काय नाई, हे अंगनात उभं राहून कोनी सांगाचं नाई. चला, जा आपापल्या कामाले."

"अन् तुहा संशय?" शिंपी म्हणाला.

"तो आहे तिथीच आहे. तो माहा आहे, गल्लीचा नाई."

शिंपी थुंकला आणि गेला. बाकीचेही एकेक करून गेले. टांगेवाला घरून चहा आणतो म्हणाला. गल्लीत माग सुरू झाले, एक, मग दुसरा. खटखटीनं सर उठतील असं मला वाटलं, पण ते उठले नाहीत. मी उंबऱ्यावर तसाच बसून राहिलो.